पोटाचा फोटो आणि घाटाखालचा उन्हाळा

‘रात्री हलकं जेवा. बारानंतर पाण्याचा थेंबही नको. बिडी नको, तंबाखू नको, सकाळचा चहासुद्धा नको.’ बेरियम पिऊन पोटाचा फोटो काढायला येणाऱ्या रुग्णाला क्ष-किरण विभागातून आदल्या दिवशी एवढं बजावून सांगितलं जाई. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार किंवा सिंदखेडराजाच्या बाजूच्या खेड्यातून पहाटेची एसटी धरून निघालेल्या माणसाला यातलं सगळं जमायचं, पण हात मात्र सवयीने चुन्याच्या डबीकडे जायचाच. तंबाखूची चिमूट दाढेखाली गेली की लाळ सुटते, जठरातला रसही वाढतो. मग प्यायला दिलेलं बेरियम त्या रसात पातळ होतं आणि जठराच्या अस्तरावर नीट बसत नाही. शिळ्या भाकरीचा कण जठरात राहून गेला असेल तर तो फोटोत गाठीसारखा दिसतो. फोटो चांगला येणार की वाईट, हे यंत्राचं बटण दाबण्याच्या कितीतरी आधी, एसटीच्या बाकावरच ठरून जायचं.

जठराचा फोटो ही क्ष-किरणांच्या इतिहासातली अवघड कामगिरी होती. ८ नोव्हेंबर १८९५ला रोंटगेनने किरण शोधले आणि दोन-तीन वर्षांत ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर पोचलेसुद्धा. १८९७-९८च्या तिराहच्या मोहिमेत सर्जन वॉल्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या आणि मोडलेली हाडं या यंत्राने पाहिली. हाड दिसतं, शिसं दिसतं. जठर मात्र दिसत नाही. यकृत, आतडी, स्नायू हे त्याचे शेजारीही त्याच्याइतकेच मऊ, त्यामुळे सगळ्यांची एकच करडी सावली पडते. जठर पाहायचं तर त्याच्या आत किरण अडवणारं काहीतरी घालावं लागतं.

ते पहिल्यांदा पद्धतशीर केलं हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने, १८९६च्या हिवाळ्यात. बिस्मथ मिसळलेलं अन्न त्याने प्राण्यांना दिलं आणि हंसाच्या लांब मानेतून घास खाली सरकताना पडद्यावर पाहिला. पुढे मांजरांवरच्या प्रयोगांत त्याला आणखी एक गोष्ट दिसली: मांजर घाबरलं किंवा चिडलं की त्याच्या जठराची हालचाल तिथल्या तिथे थांबते. अंधाऱ्या खोलीत, थंडगार टेबलावर, अनोळखी माणसांच्या ताब्यात सापडलेल्या रुग्णाच्या जठराविषयी हे निरीक्षण बरंच काही सांगून जातं. चांगले तंत्रज्ञ रुग्णाशी दोन शब्द बोलल्याशिवाय कामाला लागत नाहीत, त्यामागे निव्वळ चांगुलपणा नसतो. तो तपासणीचाच भाग आहे.

१९०४ साली म्युनिकच्या हेरमान रीडर यांनी माणसांना बिस्मथ घातलेली पेज देऊन फोटो काढायला सुरुवात केली. बिस्मथ सबनायट्रेटमुळे काही रुग्णांना विषबाधा झाली, काही दगावले. १९१०च्या सुमारास बेरियम सल्फेट आलं आणि ते आजवर टिकलं. बेरियमचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात, पण सल्फेट विरघळत नाही. जसं पोटात जातं तसंच बाहेर पडतं. त्यात विरघळणाऱ्या क्षारांची भेसळ चालत नाही, म्हणून औषधाच्या बाटलीवर शुद्धतेची खात्री हवीच. १९१०मध्येच व्हिएन्नाच्या मार्टिन हाउडेक यांनी जठराच्या कडेला बाहेर आलेला बेरियमचा छोटा कोनाडा दाखवून दिला. व्रणाच्या खड्ड्यात साचलेलं ते बेरियम. पोट न उघडता अल्सर दाखवता येऊ लागला.

त्याच १९१०मध्ये ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेलं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर प्रसिद्ध झालं. जिल्ह्याला आजची ओळख मिळून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. १९०५च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याला जोडले गेले. मुख्यालय अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, हवा गार म्हणून निवडलेलं. रेल्वे मात्र खाली, पूर्णेच्या खोऱ्यात: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. खामगावला कापसाच्या बाजारासाठी १८७०मध्येच जलंबहून फाटा आला. बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही. इथली माणसं जिल्ह्याचे दोनच भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. पोटाच्या फोटोच्या बाबतीत या दोन शब्दांना फार मोठा अर्थ आहे.

पहिला अर्थ अंतराचा. ज्या तपासणीला मोठं यंत्र आणि ते चालवणारा तज्ज्ञ लागतो, ती करायला रुग्णाला जिल्हा सोडावा लागे. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७मध्ये सुरू झालं, औरंगाबादचं १९५६मध्ये, अकोल्याचं थेट २००२मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही ज्यांच्यापाशी पैसा होता ते मलकापूर किंवा शेगावहून मुंबईची गाडी पकडत. मेहकरच्या माणसाला आधी घाट उतरून स्टेशन गाठावं लागे. असा माणूस उपाशी राहून दिवसभर प्रवास करणार, मग तपासणीच्या वेळी त्याला चक्कर येणार, मग कोणीतरी दया येऊन त्याला चहा पाजणार. इतक्या लांबून येऊनही काही जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा या म्हणून सांगितलं जाई, यात नवल नाही.

दुसरा अर्थ उन्हाळ्याचा. तो समजायला डार्करूममध्ये शिरावं लागेल.

डिजिटल यंत्रं येण्याआधी एक्स-रे ही फिल्म असे आणि ती हाताने धुवावी लागे. कॅसेटमधून काढलेली फिल्म स्टीलच्या हँगरला चार कोपऱ्यांत अडकवायची, लाल दिव्याच्या उजेडात डेव्हलपरच्या टाकीत बुडवायची, मधे पाण्यात खळबळायची, मग फिक्सरमध्ये, ज्याला सगळे हायपो म्हणत. शेवटी वाहत्या पाण्यात वीस-तीस मिनिटं, आणि मग दोरीवर वाळत. डेव्हलपरचं तापमान २० अंश सेल्सिअस असावं आणि फिल्म त्यात सुमारे पाच मिनिटं राहावी, असा सर्वमान्य दंडक. हा दंडक थंड देशांत ठरला. मलकापूर, शेगाव, खामगावकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो. टाकीतलं द्रावण तीस अंशांवर गेलं की रसायन घाई करतं: फिल्म काळवंडते, तिच्यावर करडं धुकं चढतं आणि जिलेटिनचा थर मऊ पडून बोटाच्या हलक्या स्पर्शानेही सोलतो. व्रणाचा कोनाडा हा काही मिलिमीटरचा मामला. त्या धुक्यात तो हरवला तर रिपोर्टात ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं जाणार.

त्यावर उपाय होते आणि ते तंत्रज्ञांनी अंगवळणी पाडले होते. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, नाहीतर द्रावण पातळ होतं; बर्फाच्या पिशव्या टाकीच्या बाहेरून लावायच्या. तापमान उतरत नसेल तर तक्ता पाहून वेळ कमी करायची, दोन-अडीच मिनिटांतच फिल्म वर काढायची. टाकीत थर्मामीटर लोंबकळत ठेवायचा. हे सगळं अंधारात, दारं-खिडक्या काळ्या कागदाने बंद केलेल्या खोलीत, विदर्भाच्या उन्हाळ्यात. जुन्या डार्करूममध्ये काम केलेल्या माणसांना हायपोचा तो आंबूस, घशात बसणारा वास निवृत्तीनंतरही विसरता येत नाही.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेकाठचा भाग खारपाण पट्ट्यात येतो. इथल्या विहिरींचं, बोअरचं पाणी खारट आणि जड. मूत्रपिंडाच्या आजारांमुळे हा पट्टा आज सर्वांना ठाऊक आहे. जड पाण्यात धुतलेली फिल्म वाळली की क्षारांचे पांढुरके डाग मागे राहतात. अशा पाण्यात कालवलेला डेव्हलपर गढूळ होतो, तळाला साका धरतो. फोटोग्राफीची पाठ्यपुस्तकं म्हणूनच द्रावणासाठी ऊर्ध्वपातित किंवा निदान उकळलेलं पाणी वापरायला सांगतात. जिथे प्यायला गोड पाणी मिळवायचीच यातायात, तिथे फिल्म धुवायला ते किती खर्च करायचं? खारपाण पट्ट्यात या प्रश्नाला सोपं उत्तर नव्हतं.

डाग म्हणजे नुसतं विद्रूपीकरण असतं तर एवढी चिंता नव्हती. बेरियमच्या फोटोत बेरियम पांढरं दिसतं. समोरून पाहिलेला अल्सर, खड्ड्यात बेरियम साचल्यामुळे, एक छोटा पांढरा ठिपका दिसतो. आणि कॅसेटमधल्या पडद्यावर धुळीचा कण किंवा केस अडकला असेल, तर त्याचीही फिल्मवर पांढरीच खूण उमटते. एक ठिपका आजाराचा, एक धुळीचा. डोळ्याला दोन्ही सारखे. चुकीचा अर्थ लावला तर निरोगी माणसाच्या पोटावर शस्त्रक्रियेची टांगती तलवार. म्हणून या धंद्यातला सगळ्यात मोलाचा नियम असा होता: एकाच फिल्मवर दिसलेल्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. रुग्णाला वळवा, दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा फोटो घ्या. अल्सर रुग्णाबरोबर वळेल, धूळ कॅसेटबरोबर मागे राहील. निदानाची अचूकता म्हणतात ती इतक्या साध्या, हाताने करायच्या पडताळणीवर उभी होती.

फिल्मही सुरुवातीला परदेशातूनच येई. उदकमंडलमला १९६०मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिची ‘इंदू’ फिल्म देशभरच्या सरकारी दवाखान्यांत पोचली. फिल्मवरची सावली चांदीच्या कणांची बनलेली असते. वापरलेल्या हायपोतून आणि जुन्या फिल्ममधून चांदी परत काढण्याचा व्यवसाय त्यामुळेच चालतो. चांदीच्या वस्तूंसाठी देशभर नाव असलेल्या खामगावच्या जिल्ह्यात हे आवर्जून सांगायला हवं, कारण जुने फोटो आज सापडत नाहीत त्याचं एक कारण हेही आहे.

वीज हा आणखी एक अडसर. जठर स्थिर नसतं; मिनिटाला साधारण तीन लाटा त्याच्यातून जातात, वरून श्वासाची हालचाल. असा अवयव स्पष्ट टिपायचा तर सेकंदाच्या दहाव्या भागात काम उरकलं पाहिजे. मोठ्या शहरातलं तीनशे-पाचशे मिलिअँपिअरचं यंत्र ते करू शकतं. ग्रामीण रुग्णालयातल्या साठ किंवा शंभर मिलिअँपिअरच्या यंत्राला तेवढेच किरण द्यायला कित्येक पट वेळ लागतो आणि तेवढ्यात जठर हलून जातं. त्यात व्होल्टेज पडलेलं असेल तर किरणांची भेदकताही घटते. जाड माणसाचा फोटो फिका, अस्पष्ट येतो. २००५नंतरच्या वर्षांत विदर्भाने तासन्‌तास भारनियमन भोगलं. बेरियम प्यायलेला रुग्ण टेबलावर आणि लाइट गेलेली, ही वेळ येणं म्हणजे सगळी तयारी पाण्यात.

प्रतिमा उजळवणारी इलेक्ट्रॉनिक नळी येण्याआधीची स्क्रीनिंगची, म्हणजे पडद्यावर थेट पाहून तपासायची, पद्धत आजच्या डॉक्टरांना खरीही वाटणार नाही. १९४८मध्ये कोल्टमन यांनी ती नळी बनवली, पण ती सगळीकडे पोचायला दशकं लागली. तोवर डॉक्टर हिरवट चमकणाऱ्या पडद्यावर थेट पाहत. पडदा इतका मंद की डोळे अंधाराला सरावल्याशिवाय काही दिसायचं नाही. म्हणून तपासणीआधी वीस-तीस मिनिटं लाल काचांचा चष्मा लावून बसायचं. ही युक्ती जर्मन शास्त्रज्ञ ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९१६मध्ये सुचवलेली. अंधारात डोळा कडा नीट पाहत नाही, बारकावे चुकतात, हे फिलाडेल्फियाच्या चेंबरलेन यांनी १९४१मध्येच आकड्यांनिशी दाखवून दिलं होतं. ही त्रुटी माहीत असलेले डॉक्टर पडद्यावर पाहून निष्कर्ष काढत नसत. पडद्यावर फक्त जागा शोधत आणि निर्णय फिल्मवर सोडत. शिशाचा एप्रन न घालता दिवसदिवस किरणांत उभं राहिलेल्यांनी त्याची किंमत मोजली. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३मध्ये स्थापन झालं आणि यंत्रांवर, खोल्यांच्या भिंतींवर, कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्यांवर देखरेख सुरू झाली.

जठराच्या फोटोला खरी उंची दिली ती जपानने. तिथे जठराचा कर्करोग फार. चिबा विद्यापीठाचे हिकोओ शिराकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात बेरियम आणि हवा या दोहोंचा एकत्र वापर पक्का केला. थोडं, पण ताकाच्या कढीइतकं दाट बेरियम प्यायचं. सोबत पोटात वायू करणारी पूड. आणि मग रुग्णाने टेबलावर अंगाभोवती तीन पूर्ण फेऱ्या घ्यायच्या. जठर फुगतं, बेरियमचा पातळ मुलामा अस्तराच्या प्रत्येक घडीवर चढतो आणि काही मिलिमीटरचा उंचवटाही दिसू लागतो. १९६०मध्ये मियागी प्रांतात एक्स-रे यंत्र बसवलेल्या बसगाड्या गावोगाव फिरू लागल्या. १९६२मध्ये जपानी तज्ज्ञांनी सुरुवातीच्या कर्करोगाची व्याख्या केली: अस्तर आणि त्याखालचा थर ओलांडून न गेलेला. १९८३मध्ये अमलात आलेल्या कायद्याने ही तपासणी देशभर नेली. तरीही तिथल्या अभ्यासांत या पद्धतीने शंभरातले साधारण साठ ते ऐंशी कर्करोग सापडत, बाकीचे निसटत. ज्या देशाने ही तपासणी सर्वाधिक निगुतीने केली त्याचा हा हिशेब आहे. म्हणूनच तिथे प्रत्येक फिल्म दोघांनी वाचायची पद्धत ठेवली.

अशा बसगाड्या बुलढाण्यात फिरायला हव्या होत्या का? नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३पासून आणि बार्शीची, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, १९८७पासून चालू आहे. त्या नोंदींनुसार महाराष्ट्रात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जपानच्या जवळपासही नाही. भारतात तो मिझोरमसारख्या ईशान्येकडच्या भागांत जास्त. निरोगी माणसांना घाऊक किरण देणं इथे समर्थनीय ठरलं नसतं, कारण जठराच्या तपासणीत छातीच्या फोटोपेक्षा कित्येक पटींनी जास्त किरण लागतात.

इथली दुखणी वेगळी होती. एक अल्सर. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६०च्या दशकात रेल्वे कामगारांचा अभ्यास करून, दक्षिणेकडच्या भात खाणाऱ्यांत अल्सर जास्त आणि चावून खाव्या लागणाऱ्या पोळी-भाकरीच्या प्रदेशात कमी, असं मांडलं. त्यांच्या कारणमीमांसेवर पुढे वाद झाले, पण वऱ्हाडच्या ज्वारी खाणाऱ्या माणसाच्या पोटाकडे शास्त्रीय कुतूहलाने पाहायची दिशा त्यातून मिळाली.

दुसरं दुखणं आतड्याचा क्षय. हे जास्त जीवघेणं आणि जास्त फसवं. क्षय बहुधा लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यावर बसतो. श्टिअरलिन यांनी १९११मध्ये त्याची खूण दिली होती: सुजलेला भाग बेरियम धरून ठेवत नाही, झटकन पुढे ढकलतो, आणि दोन भरलेल्या भागांमध्ये एक रिकामी फट दिसते. मुंबईच्या डॉ. एस. के. भन्साळी यांनी १९७७मध्ये पोटाच्या क्षयाच्या ३०० रुग्णांचा अनुभव अमेरिकेतल्या शोधपत्रिकेत मांडला. या तपासणीला एक फोटो पुरत नाही. बेरियम प्यायल्यावर अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी, कधी संध्याकाळपर्यंत फोटो काढत राहावं लागतं. रुग्ण बाकावर, नातेवाईक बाहेर, तंत्रज्ञ घड्याळाकडे बघत. एक वेळ चुकली तर बेरियम तो कोपरा ओलांडून गेलेलं असतं आणि खूण कधीच दिसत नाही.

मग दुर्बीण आली. हर्शोविट्झ यांनी १९५७मध्ये लवचीक काचतंतूंची दुर्बीण वापरात आणली. डॉक्टर जठराचं अस्तर डोळ्यांनी पाहू लागले, चिमट्याने तुकडा काढू लागले. १९७६मध्ये सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध बाजारात आलं. ऑस्ट्रेलियाच्या वॉरेन आणि मार्शल यांनी अल्सरमागचा जिवाणू दाखवला. २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अल्सरसाठीचा बेरियमचा फोटो हळूहळू मागे पडला. घास अडकण्याच्या तक्रारीत अन्ननलिकेसाठी आणि लहान आतड्याच्या क्षयासाठी मात्र बेरियमला अजून काम आहे.

फिल्मही गेली. आता प्रतिमा संगणकावर उमटते. तापमान, पाणी, धूळ यांचा जाच संपला. पण संगणक फिकी प्रतिमा उजळवू शकतो, हललेली प्रतिमा स्थिर करू शकत नाही, आणि भरल्या जठरातला भाकरीचा कण पुसूनही टाकू शकत नाही. उलट, किरण जास्त पडले तरी चित्र छान दिसत असल्याने गरजेपेक्षा जास्त किरण देण्याची सवय लागते. फिल्मच्या काळात चूक काळवंडलेल्या फिल्मवर दिसायची. आता ती दिसत नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा आहे. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून घाट चढून किंवा उतरून बाहेर जाण्याची वेळ आता कमी व्हावी. तिथल्या क्ष-किरण विभागाने एक काम लवकर हाती घ्यावं: जिल्ह्यातल्या निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञांना बोलावून उन्हाळ्यात टाकी कशी थंड ठेवली, खाऱ्या पाण्याचं काय केलं, एका ठिपक्यासाठी किती फिल्म घेतल्या, हे लिहून घ्यावं. ही माणसं सत्तरीच्या पुढे गेली आहेत. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी ट्रंकेत आजोबांची किंवा आईची बेरियमची फिल्म असेल, तर ती चांदीसाठी भंगारात घालू नये. पाकिटावर तारीख आणि रुग्णाचं त्या वेळचं वय लिहून ती कोरड्या जागी ठेवावी. रुग्ण हयात असेल तर पुढच्या तपासणीला जाताना ती सोबत न्यावी. जुना फोटो शेजारी असला की नवा फोटो वाचणाऱ्याची चूक कमी होते.